किरकोळ

लतिकाने नाव दोनदा पुकारलं.
तिसऱ्यांदा कुठे ती उठली,
म्हणजे नाव खोटं होतं.
पर्समधून कंपनीचा निळा पट्टा लोंबत होता,
त्यावरचं खरं नाव मी वाचलं
आणि न वाचल्यासारखं केलं.
एवढं तर या धंद्यात पहिल्याच वर्षी येतं.

मुलुंड पश्चिम. खाली फरसाणाचं दुकान,
वर माझं सहा खाटांचं नर्सिंग होम.
चारला पापडीचा पहिला घाणा निघतो,
भूल उतरताना बायका म्हणतात, भूक लागली.

तिने सगळं पाठ करून आणलं होतं.
वैशाखात लग्न. मुलगा चांगला. घरचे, तेही चांगलेच.
फक्त सासरी एक आत्या आहे,
ती सकाळी खोलीत पहिली जाते.
"भाषण नको, डॉक्टर. दोन ठिकाणी ऐकून आलेय."

दोन्ही ठिकाणं मला न सांगता कळली.
एक आजगावकर. तो अशा मुलींना चहा पाजतो
आणि म्हणतो, नवऱ्याला फसवणं माझ्या शपथेत बसत नाही.
नवरा त्याने कधी पाहिलेला नसतो.
दुसरी फिरोजा. ती चिडते,
मुलीवर नाही, पण मुलीसमोर:
तुम्ही शिकलेल्या पोरीच हे मागायला लागलात तर!
मेनेझिस करतो. रोख घेतो, कागद करत नाही,
मान वर करून बघतही नाही.
कॉन्फरन्सच्या जेवणात आम्ही त्याला नावं ठेवतो,
बासुंदी घेतो,
आणि मुली त्याच्याकडे जातात.

मी चित्र काढते. वीस वर्षं काढतेय,
लेटरहेडच्या मागे, निळ्या पेनाने.
हे बघ, हा पडदा नसतोच मुळी, कडेची झालर असते,
प्रत्येकीची वेगळी.
कितीतरी जणींना रक्त येत नाही.
शिवूनही येईलच असं नाही.
आमच्या परिभाषेत याला कौमार्यपटल म्हणतात,
शब्दानेच साक्ष देऊन टाकलेली.
पटल म्हणजे पडदा,
आणि विधानसभेत कागद ठेवतात तेही पटल,
एकदा ठेवला की कुणीही वाचावा.

तिने चित्र नीट पाहिलं. घडी घातली.
"हे आत्यांना सांगायला याल?
पत्रिका देते. चेंबूरला आहे हॉल,
पार्किंग आहे."

ती थट्टा करत नव्हती.
मी पेनाचं टोपण लावलं. काढलं. लावलं.

माथेरान, एकोणीसशे एकोणनव्वद.
इंटर्नशिप संपलेली, शरीररचनेत पदक.
पहाटे उठून मी चादर पाहिली होती.
काही नव्हतं.
असायला हवं असं काही नव्हतं, हे मला पान क्रमांकासकट ठाऊक होतं.
तरी चहा यायच्या आत
मी ती घडी करून ठेवली,
डाग आत असल्यासारखी.
नवऱ्याने विचारलं नाही, आजवर नाही.
माणूस चांगलाच आहे.
पण ती घडी मी कुठल्याच चित्रात काढलेली नाही.

"गुरुवारी ये," मी म्हटलं. "सकाळी काही खाऊ नकोस."
ती रडेल असं वाटलं होतं.
तिने विचारलं, बिलावर काय लिहाल?

लतिकानेही तेच विचारलं,
रजिस्टरचा रकाना बोटाने दाबून धरत.
किरकोळ, मी म्हटलं.
तिने लिहिलं. वरच्या ओळीतही तेच होतं,
कुणाचं तरी गळू.

गुरुवारी वीस मिनिटं लागली.
धागा विरघळणारा.
हे बरोबर की चूक, ते मी आजगावकरला सांगणार नाही,
मला विचारलं तरी नाही.
आत्या त्या सकाळी काय बघतील, तेही मला कळणार नाही.
खालून तेल तापल्याचा वास यायला लागला होता.
सिस्टरने सुया मोजल्या, गॉज मोजले,
म्हणाली, बरोबर आहेत, मॅडम.